सात नावं, अकरा माणसं : लॉ कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्राचा माझा हिशेब

पाचपैकी चार तारे देतो. पाचवा मे महिन्याचा कापला आहे, त्याचं पुढे येईलच.

मी नागपूरच्या इतवारीतल्या एका कापड दुकानात बावीस वर्षं सात महिने मुनीम होतो. नोकरी सुटताना मालकाने द्यायची असते ती ग्रॅच्युइटी मिळवायला मी या केंद्रात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्या घरचं मीठ खाल्लं आहे. कॉलेजचंही लिहीत नाही, कारण खाली त्यांची दोन-चार उणीदुणी काढणार आहे आणि ही पोरं आता कुठे नोकऱ्या शोधायला निघाली आहेत. मग नाव नसलेल्या दुकानाचा भाव सांगून काय फायदा, असं कोणी म्हणेल. फायदा असा की बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजात असं विधी सहायता केंद्र ठेवावंच लागतं. म्हणजे तुमच्या घराजवळच्या कॉलेजातही ते असणार, बहुतेक जिन्याखालच्या एखाद्या खोलीत. जाऊन विचारा.

मला ते सापडलं शिव्यांमुळे. ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. १९९५ साली याच तारखेला विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा लागू झाला. तर २०२३ च्या ९ नोव्हेंबरला कॉलेजच्या पोरापोरींनी पथनाट्य करायला जागा कोणती निवडावी? इतवारी. आणि दिवस कोणता? धनत्रयोदशीच्या आदला. रस्त्यात मुंगीला पाय ठेवायला जागा नाही, हातगाड्या अडकलेल्या, आणि मधोमध पंधरा पोरं डफडं वाजवत "आपला हक्क, आपला हक्क" करून राहिलेली. सगळे दुकानदार बोंबलत होते. आमचे मालक बाहेर येऊन म्हणाले, "अरे बाप्पा, दिवाळीनंतर या ना हक्क घेऊन!" मीपण हसलो. एका पोरीने माझ्या हातात पत्रक कोंबलं. कागद जरा जाड होता, म्हणून फेकला नाही, रोकडवहीत खूण म्हणून घातला. पाच महिने तो तिथेच होता.

३१ मार्च २०२४ ला माझा शेवटचा दिवस. मालकांनी शाल-श्रीफळ दिलं, पेढा भरवला, दोन शब्द बोलले, डोळ्यांत पाणीही आलं त्यांच्या. खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मग पाकीट पुढे केलं. पन्नास हजार. सोबत व्हाउचर : "सर्व हिशेब पूर्ण व अंतिम मिळाला, यापुढे काहीही येणे नाही." या व्हाउचरवर मी आजवर कितीकांच्या सह्या घेतल्या असतील! त्याचं पुस्तक छापून आणलं तेही मीच, गांधीबागेतून, शंभर पानी. पण मुनीम वाचल्याशिवाय सही करत नाही, आणि आपलंच लिहिलेलं वाचताना जरा जास्तच हळू वाचतो. म्हटलं, मालक, उद्या करतो. शाल घेतली, पाकीट ठेवलं, आणि वहीतलं ते जाड पत्रक खिशात घालून घरी आलो.

केंद्र बुधवारी आणि शनिवारी, दुपारी तीन ते पाच. एप्रिलचा दुसरा आठवडा, नागपूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. कॉलेजात शिरलं की आधी प्राचार्यांच्या खोलीबाहेरचं काचेचं कपाट दिसतं. त्यात ढाली, कप, चांदीच्या रंगाची थाळी, गाऊन घातलेल्या मुलांचे फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं. मूट कोर्टात अमुक पहिला, वादविवादात तमुक दुसरी, विद्यापीठाचं सुवर्णपदक, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या परीक्षेत पास झालेली माजी विद्यार्थिनी. मूट म्हणजे खोटा खटला, खरे कायदे. भिंतीवर बाबासाहेब, त्यांच्या बाजूला नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होऊन पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला, आणि आपल्याच गावचे बोबडे साहेब, ४७ वे सरन्यायाधीश. कपाटाची काच लख्ख. तिथून ग्रंथालयाच्या जिन्याखाली गेलं की केंद्र : एक टेबल, चार खुर्च्या (एकीचा पाय विटेवर), आणि कूलर. कूलर चालू होता, पाणी नव्हतं. गरम वारा फुकट.

टेबलापाशी काळी पँट, पांढरा शर्ट घातलेला मुलगा बसला होता. कपाटातल्या तीन फोटोंत हाच उभा होता, मी लगेच ओळखला. त्याने मला बसवलं आणि बोलायला लागला. घटनेचं कलम ३९-अ, ते १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने कसं आलं, समान न्याय म्हणजे काय, मोफत कायदेशीर मदत ही राज्याची जबाबदारी कशी आहे. आवाज काय सुंदर! हात असे हलायचे की वाटावं समोर पाच न्यायमूर्ती बसलेत. दहा मिनिटं ऐकलं. मग मी म्हटलं, "बेटा, सगळं बरोबर आहे, मले फक्त सांग, माझे पैसे निघतात का?"

तो थांबला. कोपऱ्यात फाइली लावत बसलेली एक मुलगी हसली आणि खुर्ची ओढून पुढे आली. यवतमाळकडची, पाच वर्षांच्या कोर्सची, तेव्हा चौथ्या वर्षाला. पुढच्या सगळ्या गोष्टीत हीच आहे. कपाटात हिचा एकही फोटो नाही. तिने पहिलं वाक्य विचारलं ते असं : "काकाजी, कागद काय काय आणले?"

या एका प्रश्नाला मी दोन तारे देतो.

कागद होते. व्हाउचर (कोरं), बँकेचं पासबुक, आणि बावीस खिसाडायऱ्या. मला रोजचं लिहायची खोड आहे. पगार आधी रोख मिळायचा, वहीत सही करून. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या आणि त्यानंतर बँकेत यायला लागला. म्हणजे शेवटच्या सात वर्षांचा पुरावा पक्का. शेवटचा पगार १८,२०० रुपये. वर्षाचे झाले २,१८,४००. मोफत वकिलासाठी आपल्या राज्यात वर्षाला ३ लाखांची उत्पन्नमर्यादा आहे, त्यात मी बसलो. बाई, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, तुरुंगातला माणूस यांना तर उत्पन्नाची अटच नाही. हे मला तिथेच कळलं, आणि शेजारची धुणीभांडी करणारी ताई गेली दोन वर्षं वकिलाला हप्ते देऊन राहिली आहे हे आठवून कससंच झालं.

मग तिने विचारलं, तुमच्या हिशेबाने किती निघतात? मी घरून आकडा करूनच आणला होता. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. महिन्याचे दिवस तीस, म्हणून १८,२०० भागिले ३०, गुणिले १५ : झाले ९,१००. गुणिले बावीस वर्षं : २,००,२००. कागद तिच्यापुढे ठेवला, सुवाच्य अक्षर, खाली दोन रेघा.

तिने पेन्सिल घेतली. "काकाजी, तीस नाही, सव्वीस. रविवार वजा करतात. आणि वर्षं बावीस नाही, तेवीस. वरचे सात महिने आहेत ना, सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरायचं." १८,२०० भागिले २६ : ७००. गुणिले १५ : १०,५००. गुणिले २३ : २,४१,५००.

एकेचाळीस हजार तीनशे रुपयांचा फरक. साठी उलटेपर्यंत दुसऱ्यांचे हिशेब पैशापैशाने जुळवले, रात्री नऊपर्यंत बारा आण्याचा फरक शोधत बसलो, आणि स्वतःच्या हिशेबात एवढी मोठी चूक. ती काही बोलली नाही. माझा कागद तिने खोडलाही नाही, त्याच्या बाजूला आपला लिहिला. ही रीत तिला कोणी शिकवली ते माहीत नाही, पण कुठल्याही कपाटात ठेवण्यासारखी आहे.

पहिल्याच दिवशी तिने आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगितली. आम्ही विद्यार्थी आहोत, सनद नाही, कोर्टात तुमच्या वतीने उभं राहू शकत नाही. अर्ज लिहून देऊ, कागद लावून देऊ, समजावून सांगू. उभं राहायला वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळेल. आमच्या मास्तरांची सही झाल्याशिवाय इथून कागद बाहेर जात नाही. पैसे शून्य. मी बाहेर ज्या दोन ठिकाणी आधी विचारलं होतं तिथे "काम होऊन जाईल" एवढंच ऐकलं होतं. काय होणार नाही हे आधी सांगणारे इथेच भेटले.

पहिला मसुदा इंग्रजीत आला. मी म्हटलं, मालक मराठी-हिंदीवाले, मी मराठी, पुढे प्रकरण ऐकणारे सरकारी साहेबही मराठी समजतात. मग हे इंग्रजी कोणासाठी? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दुसरा मसुदा मराठीत आला तो असा की "सदरहू अर्जदार" आणि "उपरोक्त नमूद" यांच्यात मी कुठे आहे तेच सापडेना. तिसरा बरा होता. त्यात दुकानाचं जुनं नाव पडलं होतं. भागीदारी बदलली तेव्हा २०१४ साली पाटी बदलली, हे मला सांगायचं सुचलं नाही आणि त्यांना विचारायचं. चौथा गेला. २० एप्रिलला फॉर्म आय, म्हणजे मालकाकडे ग्रॅच्युइटी मागायचा अर्ज, रजिस्टर एडीने. खरं तर कायद्याने मालकाने माझ्या अर्जाची वाट न बघता स्वतःच हिशेब करून तीस दिवसांत द्यायचे असतात. पण कायद्यात लिहिलंय म्हणून कोणता मालक सकाळी उठून ग्रॅच्युइटी मोजायला बसतो?

मेच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. वकिलाच्या कागदावर. "आमच्या आस्थापनेत फक्त सात कर्मचारी आहेत. दहापेक्षा कमी असल्याने कायदा लागू नाही."

मी ते पत्र घेऊन उन्हातान्हात कॉलेजात गेलो. जिन्याखाली कुलूप. दारावर वहीचा कागद चिकटवलेला : "परीक्षा व उन्हाळी सुट्टीनिमित्त केंद्र बंद राहील." कधीपर्यंत, ते लिहिलेलं नाही. चौकीदार म्हणाला, जूनच्या शेवटी या. इथे तो पाचवा तारा गेला. नकार आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत साहेबांकडे पुढचा अर्ज, म्हणजे फॉर्म एन, टाकावा लागायचा. उशिराला सबळ कारण दाखवलं तर माफी मिळायची, पण ती मिळेलच असं नव्हतं. विद्यार्थ्यांना परीक्षा असतात हे मान्य. पण मालकांना मे महिन्यात पैसे दाबायची सुट्टी नसते. मास्तरांनी तरी आठवड्यातून एक दिवस कुलूप उघडायला काय हरकत आहे? निदान दारावर १५१०० हा नंबर लिहावा. विधी सेवेची देशभराची हेल्पलाइन आहे, माणूस फोन तरी लावेल. मी जूनभर नुसता कॅलेंडरकडे बघत बसलो.

जुलैत उघडलं तेव्हा टेबलामागे नवी पोरं. माझी फाइल सापडेना. मग सापडली, पण माझ्या कागदांत कुठल्याशा शेतीच्या वाटणीचा सातबारा घुसलेला. नव्या मुलाने मला पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली : नाव, वय, पत्ता, तक्रार काय? मी म्हटलं, यवतमाळवाली कुठे आहे? ती पाचव्या वर्षाला गेली होती आणि तिची पाळी शनिवारी होती. शनिवारी पुन्हा गेलो. माणूस बदलला की फाइल अनाथ होते, हे सरकारी कचेरीत ठीक आहे. आमच्या दुकानात मुनीम बदलला तर जुना मुनीम आठ दिवस नव्याजवळ बसायचा.

तिने ते पत्र वाचलं. "सात? आता सात असतील. आधी किती होते?"

"दहाच्या वर. दिवाळीत तर पंधरा."

तिने ग्रॅच्युइटीचं पुस्तक काढलं. १९७२ चा कायदा, बारीक टाइप. कलम १ चं पोटकलम ३-अ. एकदा कायदा लागू झाला की पुढे माणसं दहाच्या खाली गेली तरी तो लागूच राहतो. बोट ठेवून वाचून दाखवलं, दोनदा. मी ते वाक्य डायरीत उतरवून घेतलं, तारीख टाकून.

आता सिद्ध कसं करायचं? मी घरून फोटो आणला. २०११ चं लक्ष्मीपूजन, गादीवर चोपड्या, समया, मागे आम्ही सगळे ओळीने. तिने भिंग मागवलं ग्रंथालयातून. चौदा माणसं. "यातले मालकाच्या घरचे किती?" तीन. राहिले अकरा. मी एकेकाचं नाव सांगितलं, तिने फोटोच्या झेरॉक्सवर डोक्यांवर आकडे टाकले. मी म्हटलं, बारा धरा, फोटो काढणारा हमाल दिसत नाहीये त्यात. ती म्हणाली, जो दिसत नाही तो सध्या राहू द्या.

आणि मग तिने तो प्रश्न विचारला ज्याला मी एप्रिलपासून घाबरून होतो. "हजेरीपत्रकावर किती नावं होती?"

सात. आणि ती सात नावं माझ्या अक्षरात होती.

बावीस वर्षं मीच ते पत्रक लिहिलं. मालक सांगायचे, सातच लिहा मुनीमजी, बाकीच्यांचं "किरकोळ हमाली"त टाका. मी टाकलं. चार माणसं दरसाल माझ्या लेखणीने गायब व्हायची आणि शनिवारी रोकडवहीत नावानिशी परत यायची, कारण पैसे द्यायचे तर नाव लागतंच. त्यांच्यापैकी एक जण माझ्या आधी सुटला, त्याला काहीच मिळालं नाही. ते व्हाउचर मीच पुढे केलं होतं त्याच्या.

हे सगळं मी त्या पोरीला सांगितलं. जिन्यावरून मुलं धडाधडा उतरत होती. तिने लिहिणं थांबवलं होतं. मग म्हणाली, "हे अर्जात लिहावं लागेल, काकाजी. तुम्ही नाही सांगितलं तर ते सांगतील, आणि मग ते त्यांचं होईल." तिच्या मास्तरांनीही तेच सांगितलं, जरा कडक शब्दांत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म एन गेला, त्यात एक परिच्छेद माझ्या अक्षराबद्दल. सोबत दुसरा अर्ज : मालकांना २००९ ते २०१५ च्या रोकडवह्या हजर करायला सांगावं.

तारखेच्या आधी त्यांनी माझी तालीम घेतली. इथे तो कपाटातल्या फोटोवाला मुलगा परत आला, आणि एप्रिलमध्ये मी त्याच्याबद्दल जे मनात म्हटलं होतं ते मला गिळावं लागलं. तो मालकाचा वकील झाला. यवतमाळवाली साहेब झाली. मला विटेवरच्या खुर्चीत बसवलं.

"मुनीमजी, हे अक्षर तुमचं?"

"हो जी."

"सात नावं तुम्हीच लिहिली?"

"हो जी, पण..."

"पण नको. हो की नाही?"

"हो."

"म्हणजे तेव्हा खोटं लिहिलं, की आज खोटं बोलता?"

मला घाम फुटला, आणि या वेळी कूलरमध्ये पाणी होतं. काय बोलावं सुचेना. तो तसाच बघत राहिला, अजिबात हसला नाही. तिसऱ्या फेरीला माझ्या तोंडून निघालं, "तेव्हा खोटं लिहिलं. पगार राखायला लिहिलं. खरं रोकडवहीत लिहिलं, तेपण माझंच अक्षर आहे, ती वही आणा." तो मुलगा टेबलावर हात मारून म्हणाला, "बस! हेच बोला, एवढंच बोला." मग त्याने माझ्यासाठी चहा आणला. त्या ढाली त्याला कशाबद्दल मिळतात ते मला त्या दिवशी कळलं.

बोलायची वेळ आलीच नाही. प्राधिकरणाकडून मिळालेले वकील पहिल्या तारखेला वेळेवर आले, दुसरीला अर्धा तास उशिरा. मी काही म्हणत नाही, त्यांच्या हातात त्या दिवशी अकरा फाइली होत्या. दुसऱ्या तारखेला रोकडवह्यांच्या अर्जावर चर्चा निघाली. आणि रोकडवही एकदा सरकारदरबारी उघडली की तिच्यातून माझ्या चार हमालांशिवाय आणखी काय काय बाहेर पडेल, हे माझ्याइतकंच मालकांना माहीत होतं. डिसेंबरच्या शेवटी ते स्वतः आले. चेक घेऊन. २,४१,५०० पूर्ण.

व्याज राहिलं. देय तारखेपासून, म्हणजे एप्रिलअखेरपासून आठ महिने, सालाना दहा टक्के सरळ व्याज : १६,१००. यवतमाळवालीने आकडा अर्जात लिहिलेलाच होता. मालक म्हणाले, मुनीमजी, एवढं सोडा, पोरीचं लग्न काढलंय. मी सोडलं. वकिलांनी खांदे उडवले. शनिवारी केंद्रात सांगायला गेलो तर ती रागावली, खरोखरच रागावली. "काकाजी, ते तुमचं होतं. सोडायचं कशाला? कायदाच म्हणतो, यापेक्षा कमी द्यायचा करार चालत नाही." मी म्हटलं, बेटा, मला त्यांच्या पोरीच्या लग्नाला जायचंय. तिला पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही, आणि लग्नाला मी गेलो तेव्हा बुंदी घशाखाली जरा अडकलीच.

एक सांगून ठेवतो : हे सगळं १९७२ च्या कायद्यातलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा कलमांचे आकडे माझ्यावरून घेऊ नका, तिथे जाऊन नवीन विचारा.

वाट बघत बसलो तेवढ्या दिवसांत बाकावर आणखी लोक पाहिले. एक म्हातारे गृहस्थ होते, घर मुलाच्या नावाने बक्षीसपत्र करून दिलेलं आणि आता मुलगा जेवायला देत नाही. पोरांनी त्यांना दिवाणी दाव्याच्या फंदात न पाडता २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याकडे वळवलं. सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर न सांभाळल्यास रद्द होऊ शकतं, पण ती अट कागदात आहे का ते आधी बघू, असं म्हणून पूर्ण बक्षीसपत्र वाचलं. एक बाई रेशनकार्डावरचं नाव घेऊन तीनदा आली, तिचं काम कायद्याचं नव्हतंच, कोणीतरी तिच्यासोबत कचेरीत जाण्याचं होतं. केंद्रातला एक मुलगा तिच्यासोबत गेला. अशोक विजयादशमीला हीच पोरं दीक्षाभूमीच्या रस्त्यावर टेबल टाकून बसली होती. लोक त्यांना कायद्यापेक्षा जास्त पाण्याचा नळ आणि नागभवनकडे जायचा रस्ता विचारत होते, आणि ती सांगत होती.

सगळीच अशी नाहीत. तीन वर्षांच्या कोर्सला बारा आणि पाच वर्षांच्या कोर्सला वीस आठवडे इंटर्नशिप लागते, आणि सही मिळवण्यापुरते येणारे लगेच ओळखू येतात. एकदा त्यांच्यासोबत हिंगण्याकडच्या एका गावात शिबिराला गेलो होतो, मला "अनुभव सांगा" म्हणून नेलं होतं. पोचल्याबरोबर बॅनर. बॅनर सरळ होईना, वीस मिनिटं गेली. फोटो झाले. तोवर बाया रोवणीला निघून गेल्या होत्या आणि माझा अनुभव शाळेच्या पोरांनी ऐकला. त्यातल्या एकाने विचारलं, आजोबा, मुनीम म्हणजे काय?

खर्च म्हणाल तर झेरॉक्सचे ६४ रुपये, पोस्टाचा खर्च, आणि येण्याजाण्याचं मेट्रोचं भाडं. वेळ साडेआठ महिने, त्यातला दीड महिना त्या कुलपाचा.

जानेवारीत अर्धा किलो संत्रा बर्फी घेऊन गेलो. यवतमाळवाली म्हणाली, इथे काही घेता येत नाही काकाजी, नियम आहे. मी म्हटलं, मग मी घरी घेऊन जातो आणि शुगर वाढवून घेतो. फोटोवाल्या मुलाने मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, घ्या, पण लिहून घ्या. त्याने आवक रजिस्टर काढलं, माझ्या अर्जाच्या ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : "बर्फी अर्धा किलो, उपस्थित नऊ जणांत वाटली." मी मोजलं. खोलीत दहा जण होते. दाराशी कूलरमध्ये पाणी ओतणारा शिपाई त्याने धरला नव्हता. मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं, नऊ खोडलं, दहा केलं, आणि बाजूला सही केली.